ताई गाडीत बसल्या होत्या

आमच्या लोधीपुऱ्यातल्या घरी एक पांढरी अॅम्बेसेडर आहे आणि एक मी आहे. दोघींपैकी कोणाचे लाड जास्त होतात ते गल्लीत कोणालाही विचारा. गाडी सासऱ्यांची. त्यांनीसुद्धा ती कुणाकडून तरी जुनीच घेतलेली, म्हणजे तिचं खरं वय विचारायची सोयच नाही. सासरे गेले, गाडी राहिली, आणि आमचे हे निवृत्त झाल्यापासून तर तिच्यात असे गुंतले की सकाळी चहाच्या आधी बॉनेटवर फडकं फिरवून यायचे. मी म्हणायचे, "अहो, आधी तिला चहा नेऊन देऊ का?" ते हसायचेसुद्धा नाहीत.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता तिच्या मागच्या पाट्यांमधून, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांमधून, आवाज यायला लागला. खड्डा आला की कुईं, गतिरोधक आला की कुईं. शनवारा भागात पूर्वी एक मिस्त्री होते, त्यांना या गाडीचा स्क्रू न् स्क्रू पाठ होता. ते मुलाकडे इंदूरला निघून गेले. आताचे मिस्त्री बॉनेट उघडून आत बघतात, एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, "अंकल, इसको शोकेस में रखो." हे दोन-चार ठिकाणी ऐकल्यावर ह्यांचं डोकं फिरलं. "मी घरीच करतो," म्हणाले. "पाट्यांचे रबरी बुश बदलायचे, त्यात काय मोठंसं!"

त्यात काय मोठंसं म्हणजे गाडी मागून उचलायची आणि तिच्याखाली झोपायचं. मी जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. एवढं लोखंड कशावर तरी टेकवून आपला नवरा त्याच्याखाली शिरणार म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"बाबा तर विटांवर उभी करायचे," हे म्हणाले.

"बाबांचं नशीब चांगलं होतं. वीट फुटायच्या आधी कोणाला सांगून फुटत नाही. विटाच लावायच्या असतील तर थांबा, मी आधी मंगळसूत्र काढून ठेवते."

जरा जास्तच बोलले, पण तोंडात आलेलं गिळायची मला सवय नाही. हे तणतणत बाहेर गेले, आणि पुढच्या आठवड्यात लोखंडी स्टँडची जोडी घेऊन आले. चांगले भक्कम, पसरट पायांचे, मधला दांडा खालीवर करून खाचेत अडकवता येईल असे. पिशवी माझ्यासमोर धाडकन ठेवली आणि म्हणाले, "झालं समाधान?"

रविवारी सकाळी काम सुरू झालं. आमच्या पोर्चच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून फाटकाकडे थोडा उतार आहे. गाडी मागे घेऊन तिची मागची बाजू भिंतीकडे केली, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. मी म्हटलं, हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना, आणि मागचीच चाकं हवेत जाणार; म्हणजे सगळी भिस्त पुढच्या चाकांवर. ह्यांनी निमूटपणे पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके ठोकले. जॅकने फक्त उचलायचं, धरून ठेवायचं काम स्टँडचं, हे मी इतक्यांदा म्हटलं की शेवटी हेच माझ्या आवाजात ते म्हणायला लागले.

उजवी बाजू नीट झाली. मागच्या आसाखाली, म्हणजे अॅक्सलखाली, जॅक, गाडी वर, आसाखाली स्टँड, जॅक खाली. ह्यांनी गाडीला बाहेरून दोन धक्के दिले, ती हलली नाही. मग डावी बाजू. जॅकच्या एका जागी येणाऱ्या वजनाने फरशी फुटू नये म्हणून खाली फळी टाकली होती. चांगली लांबलचक सागाची फळी, जुन्या पलंगाची. मी म्हटलं, "एवढी लांब कशाला? हातभर कापून घ्या." तर म्हणे, "सागाची फळी कोणी कापतं का? पुढे कामाला येईल." आमच्याकडे असंच आहे. सागवान म्हटलं की माणसं त्याला हात लावायलाही धजत नाहीत.

डावं चाक काढून बाजूला ठेवलं. गाडी जॅकवर होती आणि आता स्टँड सरकवायचा तेवढा बाकी. नेमका त्याचा दांडा खाचेत अडकला. बाहेरून हात पोचेना म्हणून हे खाली सरकले. मी ओरडले, "अहो, स्टँड लागल्याशिवाय आत नाही!" आतून आवाज आला, "स्टँड लावायलाच तर आत आलोय ना! तू टॉर्च आण, काही दिसत नाही इथे." मी धुसफुसत टॉर्च आणायला आत गेले.

टॉर्च घेऊन बाहेर आले तर गाडीत ताई बसल्या होत्या.

ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. खकनारकडे त्यांची केळीची बाग आहे. त्यांचं लग्न झालं तेव्हा सासरी पाठवणी याच गाडीतून झाली. तेव्हापासून त्यांचा एक रिवाज: माहेरी आल्या की आधी गाडीत बसायचं, मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, मग घरात पाऊल. सासरे होते तोवर ते त्यांना एक फेरी मारून आणायचे. ते गेल्यावर ताई नुसत्याच बसायला लागल्या. चहा गार होवो, भाजी करपो, कोणी त्यांना उठवत नसे. त्या दिवशी त्या कळवून आल्या नव्हत्या. फाटकाचा आवाज मला घरात ऐकू आला नाही. केळीची पिशवी पायरीवर ठेवून त्या सवयीने, खाली न बघता, सरळ गाडीत जाऊन बसल्या होत्या. डाव्या बाजूला. जिथे चाक नव्हतं.

मी खाली वाकून पाहिलं. जॅक तिरका झाला होता. सरळ उभा असायला हवा तो आतल्या बाजूला कलला होता, आणि आस त्याच्या डोक्याच्या अगदी कडेला टेकला होता. ह्यांची छाती बरोबर खाली. आणि ती लांबलचक फळी! तिच्या एका टोकावर जॅक आणि दुसऱ्या टोकावर ह्यांचा खांदा. हे हलले की फळी हलणार, फळी हलली की जॅक. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नुसती मान डावी-उजवीकडे केली. नाही. हलू नको, ओरडू नको, काहीच नको.

ओरडायचं तर मलाही नव्हतं. ताईंचा स्वभाव मला पक्का ठाऊक. भाऊ म्हणजे त्यांचा जीव. तो खाली आहे हे कळलं असतं तर दार ढकलून त्यांनी उडीच मारली असती, आणि त्या हिसक्याने सगळं संपलं असतं.

"अगं, आली का तू?" ताई वरून म्हणाल्या. "काय करून राहिली खाली वाकून?"

"काही नाही ताई, टॉर्च पडला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुम्ही बसा. आरामात बसा. बिलकुल उठू नका."

"उठू नका?" ताईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नेहमी तर म्हणते, ताई आत चला, ताई आत चला."

"आज म्हटलं... आज निवांत बोलू. तुम्ही मला कधी सांगितलंच नाही, येऊन आधी इथे का बसता ते."

काय बोलत होते माझं मला कळत नव्हतं. खालून ह्यांनी एक बोट वर केलं, भिंतीकडे दाखवलं. चाक. काढून ठेवलेलं चाक तिथेच होतं. लगेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते आडवं करून चासीखाली, गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, सरकवलं, तर जॅक निसटला तरी गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

"सांगायचं काय," ताई म्हणाल्या. "पाठवणीच्या दिवशी इथेच बसले होते मी. हाच कोपरा."

मी चाक उभं केलं. जड होतं, पण त्या वेळी वीस चाकं उचलली असती. हळूहळू लोळवत गाडीपाशी आणलं. गाडीला नखसुद्धा लागू द्यायचं नव्हतं.

"काय करते ते चाक घेऊन?"

"वाटेत आहे ताई, बाजूला ठेवते. तुम्ही बोला."

"भाऊने नवीनच लायसन काढलं होतं. तोच चालवत होता. बाबांचा भरोसा नव्हता त्याच्यावर, म्हणून बाबा पुढे त्याच्या शेजारी. माझ्या बाजूला नवरदेव. फेट्यासकट झोपलेला, घोरत." ताई थोडं हसल्या. "लग्नाच्या आदल्या महिन्यापर्यंत मी बाबांशी बोलत नव्हते. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष. परीक्षा तोंडावर. मी म्हणत होते, चार महिने थांबा. कोणी ऐकलं नाही."

मी चाक फरशीवर आडवं केलं. गुडघे टेकले, मग पोटावर झोपले आणि दोन्ही हातांनी ते आत ढकलायला लागले. ह्यांचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. घामाने ओलं, आणि डोळे माझ्यावर लावलेले. खरं सांगते, लग्नानंतर इतकी वर्षं हा माणूस मला रोज दिसतो, पण इतका कधी दिसला नव्हता. देवा, याला सोड, मी पुन्हा याच्याशी भांडणार नाही, असं काहीतरी मनात म्हटलं. ते खोटं होतं, पण त्या वेळी खरंच वाटत होतं.

"खकनारच्या रस्त्याला लागलो," ताई सांगत होत्या. आवाज अगदी संथ. "मी रडत नव्हते. खिडकीतून बाहेर बघत होते. तर बाबा एकदम मागे वळले आणि म्हणाले, 'बाई, वळवू का गाडी?'"

माझे हात थांबले. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. ह्यांनी डोळे मिटले.

"असं म्हणाले?" मी खालूनच विचारलं.

"अगदी असं. वळवू का. मागे वऱ्हाडाची जीप होती, शेजारी नवरा होता, गळ्यात मंगळसूत्र पडलं होतं. आणि बाबा विचारून राहिले, वळवू का."

चाक चासीखाली गेलं, पण वर अजून चार-पाच बोटं जागा उरत होती. एवढी गाडी खाली आली तर आस ह्यांच्या बरगड्यांवर टेकला असता. मी सरपटत मागे आले, उठले, ताईंकडे पाहून हसले (हसणं कसलं, दात दाखवले) आणि स्वयंपाकघरात धावले. जेवायला बसायचे पाट भिंतीशी रचलेले असतात. ते घेऊन आले. ताईंनी माझ्या हातातले पाट पाहिले आणि काहीच विचारलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी पुन्हा पोटावर झोपत विचारलं. एक पाट चाकावर सरकवला.

"काय म्हणणार! तोंड उघडलंच होतं मी. तेवढ्यात गाडी अशी जोरात पळाली की डोकं मागच्या काचेवर आपटलं. भाऊने पाय दाबला होता. बाबा पुढे वळले. मग कोणीच काही बोललं नाही. थेट खकनार."

दुसरा पाट घातला. आता जेमतेम फट राहिली. मी ह्यांच्याकडे पाहून मान हलवली. हे जागेवरून खांदा उचलायला लागले. आधी एक खांदा, मग पाठ, मग कमरेपासून सरपटत माझ्या बाजूला. मी त्यांची बाही पकडली. गाडी करकरली.

"तुझे दाजी माणूस वाईट नव्हते," ताई म्हणाल्या. "मला कधी त्यांनी उणंदुणं बोललं नाही. तो भागच नाही. पण इथे बसले की मला वाटतं, अजून एकदा कोणी विचारेल."

हे कमरेपर्यंत बाहेर आले आणि फळी सरकली. धाड! जॅक आडवा झाला, गाडी खाली बसली, वरच्या पाटाचे दोन तुकडे झाले. त्या आवाजाने माझ्या कानांत दडे बसले. मी ह्यांना कवटाळून डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ह्यांचे दोन्ही पाय आसाखालीच होते, पण वर जागा होती. चाकाने गाडी धरली होती. ह्यांनी एक पाय ओढून घेतला, मग दुसरा. मी त्यांचे दोन्ही पाय चाचपून पाहिले, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, बाजारात भाजी दाबून बघावी तसे. सगळं जागच्या जागी होतं.

मग मात्र मला रडू फुटलं. रडता रडता मी त्यांच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. "स्टँड लावायला आत गेले म्हणे! मेलेलं चाललं असतं, फळी कापलेली चालत नव्हती!" ते फरशीवर बसून नुसते धापा टाकत होते.

"भाऊ," गाडीतून आवाज आला. "लागलं का रे कुठे?"

मी चमकून वर पाहिलं. ताई होत्या तिथेच बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. धक्का बसला होता तरी त्या किंचाळल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"बसले तशी गाडी डुलली, आणि खालून 'आई गं' आलं. गाडी थोडीच 'आई गं' म्हणते? मग मी हाललेच नाही. श्वास पण जपून घेत होते."

"आणि मी वेड्यासारखी तुम्हाला बोलण्यात गुंतवत होते!"

"तू मला गुंतवत होतीस, ते मला समजलं. चांगलं करत होतीस."

"म्हणजे ती सगळी गोष्ट तुम्ही मला धीर यावा म्हणून सांगितली?"

"तुला?" ताई म्हणाल्या. "तुला कशाला? त्याला सांगितली. घरात सांगायला गेलं की हा उठतो. पाणी आणतो, फोन आला म्हणतो, गाडी पुसायला जातो. इतकी वर्षं झाली. आज कुठे जाणार होता?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. तोंडाला ग्रीस, केसांत धूळ, शर्ट फाटलेला. ते ताईंकडे बघत नव्हते, आडव्या पडलेल्या जॅककडे बघत होते.

"आता उतरा ताई," मी म्हटलं. "हळूच. मी धरते."

"थांब. आधी याला एक विचारते, मग उतरते." त्या दाराकडे थोड्या सरकल्या. "भाऊ, बाबांनी वळवू का म्हटलं, ते तुला ऐकू आलं होतं का नव्हतं? एवढंच सांग."

इंजिनाचा आवाज होता, म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांपूर्वीचं काय आठवतंय, असंही म्हणता आलं असतं. ताईंनी ते मान्यही केलं असतं, मला खात्री आहे. पोर्चमध्ये तेलाचा वास भरला होता आणि गल्लीतून कोणाची तरी मोटरसायकल गेली. हे उठून गेले नाहीत.

"आलं होतं," ते म्हणाले.

ताई आणखी पुढे वाकल्या.

"मला वाटलं, तू हो म्हणशील," हे म्हणाले. "म्हणून मी गाडी पळवली."

ताईंनी दाराबाहेर हात काढला, उतरायला आधार मागावा तसा.

"हो म्हणणारच होते मी," त्या म्हणाल्या.

हे जमिनीवरून उठले आणि त्यांनी तो हात धरला.